हुन्याक

'शिकागो' या संगीतिकेत तुरुंगातल्या सहा बायका एकेक करून पुढे येतात आणि आपण माणूस का मारला ते गाऊन-नाचून सांगतात. एकीचा नवरा च्युइंगमचे फुगे फोडून तिचं डोकं उठवत असे. एकीच्या प्रियकराच्या घरी आधीच सहा बायका निघाल्या. एकीचा नवरा म्हणे स्वतःच येऊन सुरीवर आदळला, तेही दहा वेळा. हशा पिकत राहतो. चौथी येते ती हुन्याक नावाची हंगेरियन बाई. ती आपल्या भाषेत, घाईघाईनं, काकुळतीला येऊन बोलते. समोरच्या प्रेक्षकांना त्यातलं अक्षरही कळत नाही. 'गुन्हा केलेला नाही' एवढंच काय ते तिला इंग्रजीत म्हणता येतं. तिच्या न कळणाऱ्या बोलण्यात तिचीही एक हकिकत असते: मी निर्दोष आहे, हे मी पोलिस ठाण्यात सांगून पाहिलं, पण त्यांना समजलंच नाही. तेवढ्यात ताल पुन्हा चढतो आणि पुढची बाई सुरू होते.

हे नाटक माझ्या आयुष्यात सिनेमाच्या वाटेनं आलं. रॉब मार्शलचा 'शिकागो' २००२ मधला. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा ऑस्कर मिळवणारा. मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होते. आमच्या सगळ्या मैत्रिणींचं मन कॅथरिन झेटा-जोन्सच्या वेल्मावर जडलं होतं. दोन खून करून, हात धुऊन ती थेट रंगमंचावर येते आणि नाचायला लागते, तो पहिला प्रवेश आम्ही वर्गात करून दाखवायचो. सहा बायकांच्या गाण्यात दिग्दर्शकानं रक्ताऐवजी लाल रुमाल वापरले आहेत. हुन्याकचा रुमाल पांढरा आहे. तो पांढरा रुमाल मला तेव्हाही दिसला होता आणि खटकला होता, पण वेल्माची झिंग मोठी होती.

घरी सीडी लागली की बाबा चहाचा कप घेऊन ऐकत बसायचे. एकदा म्हणाले, "अगं, ही तर आपल्या अंकुशची भावंडं." अंकुश म्हणजे 'तीन पैशाचा तमाशा'तला गुन्हेगार नायक. १९७८ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमीनं जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ते केलं. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून ते लिहिलं होतं आणि नंदू भेंडे अंकुश झाले होते. बाबांना त्यातली गाणी पाठ होती. ब्रेख्तचं नाटक बर्लिनला आलं १९२८ मध्ये. 'शिकागो'चं मूळ नाटक ब्रॉडवेवर आलं १९२६ च्या ३० डिसेंबरला. दोन वर्षांच्या आत, महासागराच्या दोन काठांवर, दोन लेखकांना गुन्ह्याच्या बाजाराचा एकसारखा वास आला होता. ब्रेख्तचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. 'शिकागो' लिहिणाऱ्या मॉरीन डॅलस वॉटकिन्सचं फारसं कुणाला ठाऊक नसतं, याची मला मनापासून खंत वाटते.

वॉटकिन्स 'शिकागो ट्रिब्यून'ची बातमीदार होती. तिची नोकरी जेमतेम काही महिन्यांची, पण ती १९२४ सालातली. त्या वर्षी मार्चमध्ये बेल्व्हा गार्टनर नावाच्या बाईच्या मोटारीत तिच्या मित्राचं प्रेत सापडलं. सोबत पिस्तूल आणि जिनची बाटली. एप्रिलमध्ये ब्यूला अ‍ॅनन या देखण्या तरुणीनं प्रियकराला गोळी घातली आणि तो मरेपर्यंत ग्रामोफोनवर एकच तबकडी पुन्हा पुन्हा लावून ठेवली. वॉटकिन्सनं दोघींच्या बातम्या दिल्या. कोर्टात कोण कोणते कपडे घालून आली, कुणी ज्यूरीकडे कसं पाहिलं, सगळं टिपलं. तुरुंगात असताना ब्यूलानं आपल्याला दिवस गेल्याचं जाहीर केलं. मे महिन्यात ती निर्दोष सुटली आणि जूनमध्ये बेल्व्हाही. ब्यूलाचा नवरा गॅरेजमध्ये काम करायचा. त्यानं होती नव्हती ती पुंजी वकिलांवर घातली होती. सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्याला सोडल्याचं जाहीर केलं. चार वर्षांनी, १९२८ मध्ये, ती क्षयानं गेली.

वॉटकिन्स पुढे येल विद्यापीठात जॉर्ज पियर्स बेकर यांच्याकडे नाट्यलेखन शिकायला गेली आणि तिथं तिनं हे नाटक लिहिलं. ब्यूलाची रॉक्सी झाली, बेल्व्हाची वेल्मा. म्युझिक बॉक्स थिएटरमध्ये १७२ प्रयोग झाले. मग तिनं ते नाटक जणू कुलपात टाकलं. नर्तक-दिग्दर्शक बॉब फॉसी हक्क मागत राहिला, तिनं दिले नाहीत. १९६९ मध्ये ती वारली, तेव्हा कुठे तिच्या वारसांकडून हक्क मिळाले. जॉन कँडरचं संगीत, फ्रेड एबचे शब्द, फॉसीचं दिग्दर्शन आणि नृत्य; ग्वेन व्हर्डन रॉक्सी, चिता रिव्हेरा वेल्मा. ३ जून १९७५ ला संगीतिका आली. ९३६ प्रयोग झाले, पण टोनीची अकरा नामांकनं असून पुरस्कार एकही नाही. त्या वर्षी सगळी माया 'अ कोरस लाइन'च्या वाट्याला गेली. माझ्या मते लोकांना 'शिकागो' सोसलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्याला हे नाटक आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं. १९९६ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं, तेव्हा ओ. जे. सिम्प्सनचा खटला सबंध अमेरिकेनं टीव्हीवर पाहून झाला होता. या वेळी सहा टोनी मिळाले. कोविडच्या काळातला खंड सोडला, तर तेव्हापासून ते चालूच आहे.

खुनाचा तमाशा करण्याचा हा आजार आपल्याकडे नव्हता असं नाही. माझे थोरले काका १९५९ मध्ये गिरगावात राहायचे. नौदलातल्या कमांडर नानावटींनी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यानंतरचे दिवस ते आम्हाला रंगवून सांगत. पंचवीस पैशांचा 'ब्लिट्झ' दोन रुपयांना जाई. आहुजा मेला तेव्हा त्याच्या अंगावर टॉवेल होता, म्हणून फेरीवाले आहुजा टॉवेल आणि खेळण्यातली नानावटी पिस्तुलं विकत. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं नानावटींना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयानं तो निकाल फिरवून जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि पुढे राज्यपालांनी माफी दिली. मराठी रंगभूमीवर त्यावरून 'अपराध मीच केला' आलं. काकांच्या त्या सगळ्या गोष्टीत आहुजा हा माणूस कुठेच नसे. फक्त त्याचा टॉवेल असे.

कॉलेज संपल्यावर मी एका मराठी दैनिकात लागले आणि काही वर्षांनी माझ्याकडे कोर्टाच्या बातम्या आल्या. तिथं 'शिकागो' मला दुसऱ्यांदा भेटलं, आणि या वेळी ते गाण्यासारखं वाटलं नाही. वकील बिली फ्लिन रॉक्सीला मांडीवर घेऊन बसतो, आवाज त्याचा आणि ओठ तिचे, आणि समोरचे बातमीदार कळसूत्री बाहुल्यांसारखे माना हलवत तेच लिहून घेतात. मूळ नाटक जिनं लिहिलं ती स्वतः बातमीदारांच्या बाकावर बसली होती, हे मला आता नीट कळलं. डेस्कवर बातमी सांगितली की पहिला प्रश्न असे, "फोटो आहे का?" फोटो चांगला असेल तर तीन कॉलम, नसेल तर सिंगल.

एकाच आठवड्यात दोन बायकांवर खुनाचे आरोप होते. पहिली बंगल्यात राहणारी. तिचे लग्नातले, सहलीतले फोटो आमच्याकडे आले. रोज एक चौकट, रविवारी अर्धं पान. दुसरी दगडखाणीवरची वडार बाई. तिला वडारी येत होती आणि मोडकंतोडकं मराठी. सत्र न्यायालयात तिचा पुकारा झाला तेव्हा मी मागच्या बाकावर होते. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून ती उभी होती. जो कुणी बोलेल त्याच्या तोंडाकडे ती पाही: सरकारी वकील, मग तिला मिळालेला वकील, मग न्यायाधीश, मग कारकून. शब्द कळत नव्हते, म्हणून ती चेहरे वाचत होती. काम आटोपल्यावर तिनं शेजारच्या महिला पोलिसाला काहीतरी विचारलं. उत्तर मिळालं, "पुढची तारीख." तिनं मान हलवली. मी खाणीवरून दुभाष्या म्हणून एकाला शोधून काढलं, बातमी सविस्तर लिहिली. आतल्या पानावर सिंगल कॉलम लागली. दीड-दोन वर्षांनी ती निर्दोष सुटली. ती बातमीही मी दिली. त्या दिवशी जाहिरात जास्त होती. बातमी लागली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या रात्री घरी येऊन मी ते सहा बायकांचं गाणं लावलं आणि फक्त चौथीचं ऐकलं.

पुढे मला कळलं की ही चौथी हवेतून आलेली नाही. १९२३ मध्ये शिकागोजवळ सबेला निट्टी या इटालियन शेतकरी बाईला नवऱ्याच्या खुनासाठी फाशीची शिक्षा झाली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. बोली दक्षिण इटलीतली, हात कष्टानं रापलेले. वर्तमानपत्रांनी तिच्या रूपाची हेटाळणी केली. हेलन सिरीस नावाची तरुण वकील तिच्यासाठी उभी राहिली. कायद्याची लढाई तर तिनं केलीच, पण सबेलाचे केस नीट करून दिले, चांगले कपडे दिले, थोडं इंग्रजी शिकवलं. १९२४ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली आणि वर्षाअखेर खटलाच मागे घेतला गेला. ज्या तुरुंगात ब्यूला आणि बेल्व्हा फोटोसाठी बसत होत्या, त्याच तुरुंगात सबेलाही होती. खऱ्या आयुष्यात ती वाचली. संगीतिकेतली हुन्याक मात्र फासावर जाते.

प्रत्यक्ष रंगमंचावर 'शिकागो' पाहिलं ते न्यू यॉर्कला. मावसबहीण न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते, तिच्याकडे गेले होते. एकोणपन्नासाव्या रस्त्यावरच्या अँबॅसेडर थिएटरमध्ये २००३ पासून ते चालू आहे. सिनेमातला थाटमाट इथं नाही. नेपथ्य जवळजवळ नाही, कपडे सगळे काळे, आणि वादक खाली खड्ड्यात नसून रंगमंचाच्या मधोमध, ज्यूरी बसते तशा पायऱ्यापायऱ्यांच्या चौकटीत. पहिल्या सुरापासून आपण कोर्टात आहोत हे ध्यानात येतं. मेरी सनशाइन ही सगळ्यांत चांगुलपणा शोधणारी बातमीदार शेवटी पुरुष निघते. बालगंधर्वांचं नाव घेत वाढलेल्या आपल्याला पुरुषाच्या गळ्यातला स्त्रीस्वर नवा नाही, पण इथं तो मुखवटा उतरवण्यासाठी आहे, आणि सिनेमानं तो गाळला हे फार चुकलं.

रॉक्सीचा नवरा एमॉस पांढरे हातमोजे घालून गातो की मी आरपार दिसणारा माणूस आहे, माझ्याकडे बघून लोक पलीकडचं बघतात. सगळ्यांना जाताना संगीत मिळतं. पुढे एकदा तो निघताना वादकांकडे वळून आपल्या संगीताची वाट पाहतो. काहीच वाजत नाही. तो तसाच जातो. माझ्या शेजारची म्हातारी बाई आधी हसली आणि मग तिनं हात तोंडावर ठेवला. मला गॅरेजमधला तो खरा माणूस आठवला, ज्याची पुंजी गेली.

आणि हुन्याकची फाशी. ती सर्कशीतला दोरीवरचा खेळ असावा तशी जाहीर होते. उत्साही आवाज, रोषणाई, आणि मग ती नाहीशी. प्रेक्षागृहात काही हात टाळीसाठी वर आले होते, ते अर्ध्यात थांबले, काहींनी वाजवल्या. सबंध संध्याकाळ आपण खुनी बायकांना टाळ्या दिल्या आणि मेली ती एकटी निरपराध. फॉसीनं हा हिशेब प्रेक्षकाच्या हातात ठेवला आहे आणि त्यावर एक शब्दही बोललेला नाही. हे नाटक थट्टेचं आहे हे मला मान्य आहे. पण माझ्यासाठी ते या एका बाईचं नाटक आहे; बाकी सगळा झगमगाट तिला झाकण्यासाठी उभा केलेला आहे.

माझी मराठी रंगकर्मींना एक विनंती आहे. 'शिकागो' मराठीत करा. ढोलकी आपल्याकडे आहे, फड आहे, सवाल-जवाब आहेत, 'तीन पैशाचा तमाशा'नं वाट घालून दिलेली आहे, आणि कॅमेऱ्यापुढं खटले चालवण्यात आपण आता कुणाला हार जाणार नाही. वेल्मा आणि रॉक्सी तुम्हाला सहज मिळतील. पण चौथी बाई उभी कराल तेव्हा तिच्या तोंडी पुण्या-मुंबईचं मराठी घालू नका. ती वडारी बोलू दे, पारधी बोलू दे, कोरकू बोलू दे, आणि त्याचा अर्थ पडद्यावर लिहून दाखवू नका. तिला तिचा पूर्ण वेळ द्या, आणि तेवढा वेळ ढोलकी थांबवा.