हुकूम मुंबईचा, डोके वाडीचे?

चळवळीत एक नवी मुकादमी आली आहे. मुंबई-पुण्यात बसलेला कार्यकर्ता ग्रुपवर आदेश टाकतो, गावातल्या कार्यकर्त्याने तो पाळायचा. मार खायची वेळ आली की आदेश देणाऱ्याचा फोन लागत नाही. याला लोक 'ऑनलाइन नेतृत्व' म्हणतात!

मित्रांनो, लांबून नेतृत्व करणे आपल्याला नवीन नाही. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतलेल्या आपल्या माणसांवर महाडात हल्ला झाला. बाबासाहेबांनी खवळलेल्या लोकांना आवरले. पण दुसऱ्या दिवसापासून माणसे पुन्हा आपापल्या गावी, सवर्णांच्या तावडीत; आणि बाबासाहेब मुंबईत. मग त्यांनी काय केले? दोनच आठवड्यांत, 3 एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' सुरू केले. त्यातले बरेचसे लेखन ते स्वतः करत. गावोगाव विखुरलेल्या माणसांना धरून ठेवणारा तो धागा होता.

डिसेंबरात परिषद भरली तेव्हा कोर्टाचा मनाईहुकूम आलेला होता. तुरुंगात जायला जवळपास चार हजार लोकांनी नावे नोंदवली होती. बाबासाहेबांनी त्यांना मनमोकळे बोलू दिले, आणि मग सत्याग्रह तहकूब करण्याची न रुचणारी बाजू स्वतः उभे राहून मांडली. चिठ्ठी पाठवून नव्हे. तळ्याच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून पहिले नाव त्यांचेच होते. तो दावा ते लढत राहिले. उच्च न्यायालयाचा निकाल लागला 17 मार्च 1937 ला.

आमच्यासमोर हेच उदाहरण होते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा टाळेबंदी चालू होती. आमच्यातले निम्मे मुंबई-पनवेलात अडकलेले, निम्मे मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या बौद्धवाड्यांत. वीज गेली, टॉवर बंद पडले. वादळाच्या आधीच आम्ही एक ठरवले होते: संपर्क तुटला तर निर्णय वाडीतल्यांचा. पैसा उभा करणे आणि नंतर जाब देणे मुंबईतल्यांचे.

रेंज मिळायची ती टेकडीवर. संध्याकाळी कोणीतरी चढून फोन करायचा. पहिला प्रश्न कामाचा नसायचा. "जेवलात का? घरावर पत्रे राहिलेत का?" आमच्यातल्या काहींना हा हळवेपणा वाटे. पण ज्याच्या स्वतःच्या घराचे छप्पर उडाले आहे तोच दुसऱ्याच्या पंचनाम्याला धावतो आहे, त्याला आधी माणूस म्हणून विचारायला नको? पत्रे कधी पोचतील ते आम्हालाही ठाऊक नसे. तसेच सांगायचो: "माहीत नाही, शनिवारी सांगतो." सांगण्यासारखे काही नसले तरी शनिवारी फोन व्हायचाच. खोट्या तारखा दिल्या की वाडीतला कार्यकर्ता लोकांसमोर खोटा पडतो.

खरा वाद झाला तो सुपारीवरून. पडलेल्या झाडांची नोंद सात-बारा पाहून बागायतदारांच्या नावे होत होती. त्या झाडांवर चढून मजुरी करणाऱ्या आपल्या माणसांसाठी फॉर्मवर रकानाच नव्हता. मुंबईतल्यांना तत्काळ मोर्चा हवा होता. म्हसळ्याचा पोरगा म्हणाला, "दादा, आधी घरांचे पंचनामे होऊ द्या. आज मालकाशी भांडलो तर घराच्या यादीतूनही नावं गळतील, आणि उद्या कामावर कोण बोलावेल?" काहींनी त्याला भित्रा म्हटले. आम्ही मात्र त्याचेच ऐकले. मजुरी जाणार होती ती त्याच्या आईची, मोर्चा मागणाऱ्यांची नव्हे.

घरांचे पंचनामे उरकल्यावर त्यानेच मजुरांची यादी केली आणि मागणीचा अर्ज लिहिला. आम्ही फक्त भाषा तपासली. अर्जाखाली पहिल्या सह्या मुंबईतल्यांच्या आहेत, पूर्ण नाव-पत्त्यासह. मालकाला राग धरायचा असेल तर आधी आमच्यावर धरावा म्हणून. अर्जाचे उत्तर आलेले नाही. पाठपुराव्याला कोणी जायचे, ते वाडी ठरवते.