बिऱ्हाड दिल्लीतले, पत्ता सरोजिनी नगरचा

दिल्लीत नवखी आलेली मराठी मुलगी पहिला धक्का खाते तो भाषेचा. वर्गात इंग्रजी शिकवायचे, ते तिला येतेच. पण बाहेर पडले की हिंदी, आणि आपल्याला हिंदी येते हा समज आठवडाभरही टिकत नाही. इथे ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. शिपाई ‘मैंने बहुत चेष्टा की’ म्हणाला तर रागवायचे कारण नसते. आणि मुंबई-पुण्याकडचे ‘मेरे को’ ऐकले की भाजीवाला हसून विचारतो, ‘मॅडम, बंबई से हो?’

परदेशात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या तरुणांबद्दल आपण पुष्कळ वाचतो. इटलीत तर इंग्रज-अमेरिकन मुले-मुली भाषावर्गांतून वर्षाचे आठ-नऊ महिने शिकवतात, बाकीचा खर्च खाजगी शिकवण्यांवर भागवतात आणि उन्हाळ्यात वर्ग बंद पडले की काय, ही चिंता करतात. तशीच चिंता करणारी तरुण शिक्षकमंडळी आपल्या राजधानीतही आहेत, फक्त त्यांना पासपोर्ट लागत नाही.

केंद्रीय विद्यालयांची सुरुवात 1963 मध्ये झाली, ती मुख्यतः बदल्यांमुळे गावोगाव फिरणाऱ्या केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांसाठी. त्यामुळे एकाच वर्गात तमिळ, बंगाली, ओडिया, पंजाबी घरातली मुले बसतात. अशा वर्गात इंग्रजीच्या तासाला शिक्षिकेचे मराठी वळणाचे उच्चार कुणाच्या लक्षातही येत नाहीत, कारण प्रत्येकाचे स्वतःचे वळण असते! अडचण असते ती नोकरीच्या कागदाची. कायम नेमणूक मिळाली तर बदली देशात कुठेही. कंत्राटी असेल तर शाळेचे वर्ष संपले की नेमणूकही संपते, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभे राहायचे. ‘पुढच्या वर्षी दिल्लीत असशील ना?’ या आईच्या फोनवरच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते.

मग राहायचे कुठे? सरोजिनी नगरच्या अंगालाच पिलंजी नावाचे जुने गाव आहे. शहर चहूकडून वाढले आणि गाव मध्येच राहिले. अरुंद गल्ल्यांत एकावर एक मजले चढवलेली घरे, जिन्यावर वाळत घातलेले कपडे, आणि खोल्या भाड्याने. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झुकतो, तेव्हा वरच्या मजल्यावरची खोली भट्टी होते. जानेवारीत त्याच खोलीत रजईतून हात बाहेर काढवत नाही.

बाजाराबद्दल काय सांगावे! निर्यातीतून उरलेले कपडे इथे ढिगाने मिळतात. काहींवरची लेबले कापलेली, काहींची शिवण उसवलेली. उजेडात धरून, बाह्या ताणून, चेन ओढून बघायचे. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून खाली बोली सुरू करायची आणि चार पावले पुढे चालायचे. हाक येतेच. सोमवारी मात्र बाजार बंद. ज्वारीचे पीठ हवे असेल, तर मेट्रोने एक स्थानक पुढे आयएनए बाजारात चौकशी करावी. 2018 मध्ये गुलाबी मार्गिका सुरू झाल्यापासून ते सोपे झाले आहे.

या बाजाराने भयंकर दिवसही पाहिला आहे. 29 ऑक्टोबर 2005 रोजी, दिवाळी तोंडावर असताना, दिल्लीत तीन ठिकाणी बॉम्बस्फोट झाले. 60 हून अधिक माणसे गेली आणि त्यातली बहुतेक इथल्या गर्दीतली. तरी बाजार पुन्हा भरला.

पूर्वी हा परिसर विनयनगर म्हणून ओळखला जाई. मग नाव आले सरोजिनी नायडूंचे. त्यांच्या नावाशी राज्यपालपद आणि काँग्रेसचे अध्यक्षपद आपण जोडतो. पण 1895 मध्ये सोळा वर्षांची हैदराबादची ही मुलगी निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला गेली होती, तेही घरापासून दूर, प्रकृती तोळामासा असताना. त्याच काळात तिने इटलीचा प्रवास केला. फ्लॉरेन्सने ती इतकी भारावली, की तिथून लिहिलेली तिची पत्रे इंग्रज कवी आर्थर सायमन्सने तिच्या पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत वापरली. तो संग्रह 1905 मध्ये निघाला. पिलंजीतल्या खोलीत वह्या तपासत बसलेल्या इंग्रजीच्या शिक्षिकेला हे कुणी सांगितले, तर पत्त्यावरचे नाव तिला निराळेच वाटेल.

जुन्या सरकारी क्वार्टर्सची ती मोकळी अंगणे मात्र आता शोधावी लागतात. 2016 मध्ये केंद्राने दक्षिण दिल्लीतल्या सात वसाहती पाडून नव्याने बांधायचे ठरवले. सुमारे 12,970 घरांच्या जागी 25,667. त्यात सरोजिनी नगर आहे. 2018 च्या जूनमध्ये झाडे तोडली जाणार म्हटल्यावर लोक इथे झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तोड थांबली, पण बांधकाम पुढे चालूच राहिले. पिलंजीतली खोलीवाली ताई मार्चअखेर भाडेकरू मुलीला एकच विचारते, ‘बेटा, अगले साल कमरा रखूँ क्या?’