पुडीतले केस

क्वेकर्स हिल, रविवार

प्रिय चिऊ,

काल व्हिडिओ कॉलवर तू बाळाच्या आधी कंगवा दाखवलास. मग कागदाच्या पुडीत जमवलेले केस, आणि शेवटी शॉवरला बसवलेला नवा फिल्टर. टँकरच्या पाण्याने केस जातात, हे तुझं ठाम मत.

अगं, इथे नवं आलेलं प्रत्येक मराठी माणूस हेच म्हणतं, "इथलं पाणी लागत नाही." मीही स्टेशनवर भेटेल तिला तेच ऐकवायचे. आणि हे पाणी कसलं, तर वॉरागॅम्बा धरणाचं, प्रॉस्पेक्टला गाळलेलं, इतकं मऊ की अंगावरचा साबण निघता निघत नाही! तरी माझी वेणी उंदराच्या शेपटीएवढी झालीच. जड पाण्याने केस राठ होतात, मधेच तुटतात. तुझ्या पुडीतल्या केसांच्या टोकाला मात्र बारीक पांढरा ठिपका होता. तुटलेल्या केसाला तो नसतो. तो ठिपका म्हणजे मुदत संपून सुटलेला केस.

मला इथल्या डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं होतं, "तीन-चार महिन्यांपूर्वी काय झालं?" मी मांडीवरच्या लेकाकडे बघितलं. पोटुशी असताना गळायचे केसही थांबून राहतात; डोहाळजेवणाच्या फोटोत तुझी वेणी बघ. बाळंतपणानंतर ते सगळे एकदम रजेवर जातात आणि तीन-चार महिन्यांनी भसाभस पडतात. एरवीही रोज पन्नास ते शंभर जातातच, आपण मोजत नाही इतकंच. बहुतेकींचे वर्षभरात भरून येतात. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे धीर धरायलाच हवा. कपाळाशी उभे राहणारे ते बारीक केस तेल लावून चापून बसवू नकोस. ते नवे आहेत.

दम लागत असेल, फार थकवा असेल, तर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, आणि थायरॉइड तपासून घे. भांग रुंदावत चालला तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. ती भानगड वेगळी. अंगावर पाजतेस, तेव्हा केस वाढवायचं मिनॉक्सिडिल आपल्या मनाने नको. अळीवाची खीर खा. केसांसाठी म्हणून नव्हे, मला आवडते म्हणून सांगते.

आणि तू घेतेस त्या केसांच्या गोळ्या बंद कर. त्यांतल्या बायोटिनने थायरॉइडचा रिपोर्टसुद्धा चुकीचा येऊ शकतो. शिवाय डबीवर सेलेनियम लिहिलंय का बघ. आपल्या शेगाव तालुक्यात 2024 सरता सरता काय झालं, विसरलीस? बोंडगाव, कालवड, हिंगणा... तीन-चार दिवसांत माणसांना टक्कल पडत होतं. तिथेही पहिला संशय पाण्यावरच. पुढे डॉ. हिंमतराव बावसकरांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमवर. थोडं लागतं, फार झालं की तेच केस घालवतं. खामगावच्या पोरीला हे मी सिडनीहून सांगावं!

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझा लेक चार महिन्यांचा असताना एका संध्याकाळी रडायचा थांबेना. दूध झालं, ओव्याची पुरचुंडी झाली, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या झाल्या. शेवटी आईने मोजा काढला. पायाचं मधलं बोट लालबुंद, जांभळाएवढं टरारलेलं, आणि बुडाशी बारीक खाच. खाचेत माझा केस, दोन वेढे पडलेला. भुवयांच्या चिमट्याने टोक धरून सोडवला तेव्हा माझे हात लटपटत होते. पुडीत जमवलेल्या केसांचं मला काही वाटत नाही. न सापडलेल्यांचं वाटतं.

म्हणून आंघोळीच्या वेळी बाळाची बोटं एकेक करून उघडून बघ, हाताची, पायाची. शूची जागाही. मोजे उलटे करून झटक. केस रुतलेला दिसला आणि निघेना, किंवा बोट सुजून केस दिसेचना, तर उपट-खेच न करता तडक दवाखाना गाठ. आणि पाजताना केस बांधत जा, कितीही उरलेले असोत.

तुझी,
मावशी