एक यारा, बारा ठिकाणं

गेल्या वर्षी आई नाशिकहून आमच्याकडे मेलबर्नला आली. दुसऱ्याच रविवारी तिची शाळेतली मैत्रीण तिला भेटणार होती. भेट ठरली साउथ यारा स्टेशनवर आणि मैत्रीण उतरली यारव्हिलला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला! तासभर फोनाफोनी झाली, तेव्हा कुठे दोघी भेटल्या.

परतताना आई म्हणाली, "एवढा मोठा देश, आणि नावांची एवढी टंचाई?"

तिचं चुकलं नव्हतं. यारा ही आमची नदी, सुमारे 242 किलोमीटर लांब. पण द्राक्षमळ्यांचं खोरं यारा व्हॅली, गावं यारा ग्लेन आणि यारा जंक्शन, नगरपालिका सिटी ऑफ यारा, ट्राम चालवणारी यारा ट्राम्स. डॉनकास्टरच्या आमच्या घरी पाण्याचं बिल येतं तेही यारा व्हॅली वॉटरचं!

मी म्हटलं, "आई, तू तरी काय करतेस? रोज 'गंगेवर जाऊन येते' म्हणतेस आणि जातेस गोदावरीवर. विदर्भाकडे वैनगंगा, पैनगंगा, कोल्हापुरात पंचगंगा. आपल्याला तर नदी दिसली की गंगाच आठवते."

आई हसली. पुढच्या शनिवारी तिला फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनजवळच्या बिरारंग मार बागेत नेलं. नदीकाठच्या बाकावर बसून या नावाची गोष्ट सांगितली.

1835 साली जॉन हेल्डर वेज नावाचा सर्वेअर इथे आला. नदी दिसताच सोबतच्या स्थानिक माणसांनी बोट दाखवून "यारा यारा" असं काहीसं म्हटलं. त्याने तेच नदीचं नाव म्हणून लिहून घेतलं. ते शब्द खडकांवरून कोसळणाऱ्या पाण्यासाठी होते, हे त्याला नंतर कळलं. तोवर नाव रूढ झालं होतं. इथल्या वुरुंजेरी लोकांचं नदीचं नाव होतं बिरारंग. धुक्याची नदी, असा त्याचा अर्थ सांगतात.

तो छोटा धबधबा आजच्या शहराच्या मध्यभागीच होता. समुद्राचं खारं पाणी त्याच्या खाली थांबायचं आणि वर गोडं पाणी मिळायचं, म्हणून तर गोऱ्यांनी इथे वस्ती केली. पुढे बोटींना अडचण होते म्हणून 1880च्या दशकात सुरुंग लावून तो खडक फोडला. ज्याला पाहून तो शब्द उच्चारला गेला तो धबधबाच उरला नाही. शब्द मात्र गावोगाव पसरला.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आम्ही गोदेला गंगा म्हणतो ते मायेनं रे. पण म्हणून गोदावरी हे नाव कुणी पुसलं नाही. इथे तर तिचं नावच काढून घेतलं."

मी इथे अठरा वर्षं राहतोय. रोज ट्रेनने ही नदी ओलांडतो. हा फरक माझ्या कधी लक्षात आला नव्हता.

मग तिला 2017च्या कायद्याबद्दल सांगितलं. यारा नदीच्या रक्षणासाठी केलेल्या त्या कायद्याच्या नावातच वुरुंजेरींच्या वोइवुरुंग भाषेतले शब्द आहेत : विलिप-जिन बिरारंग मुरॉन. म्हणजे बिरारंगला जिवंत ठेवा. इथल्या मूळ भाषेतलं शीर्षक असलेला व्हिक्टोरिया राज्याचा हा पहिलाच कायदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून नेहमीसारखा आईचा आवाज आला. अंगावर पाणी घेताना ती नद्यांची नावं घेते. गंगा, यमुना, गोदावरी... आणि शेवटी, जरा अडखळत, "बिरारंग."

आमच्या नळाला पाणी तिच्याच उगमाकडच्या डोंगरांतून येतं, हे मी तिला सांगितलेलंही नव्हतं.

आई आता नाशिकला आहे. दर रविवारी फोनवर आधी नातवाची चौकशी होते, मग हवेची. आणि मग विचारते, "बिरारंगला पाणी आहे ना रे?"

यंदा जूनमध्ये एका पहाटे टेम्पलस्टोच्या वेस्टरफोल्ड्स पार्कमध्ये गेलो होतो. काठावरची झाडंसुद्धा दिसत नव्हती, इतकं दाट धुकं नदीवर उतरलं होतं. मी फोटो काढून आईला पाठवला. खाली नदीचं नाव लिहायची गरज पडली नाही.