पोटरीतली गाठ

पहाटे पोटरीत पेटका येतो तेव्हा तिच्यावर अंगठा ठेवला असता कातडीखाली स्नायूची गाठ सरकताना स्पष्ट जाणवते. आणि आपल्याच देहात आपल्या हुकमाबाहेरचे काही वावरत आहे, या जाणिवेने वेदनेहूनही अधिक एकाकी वाटते.

हे पेटके मला लाइम रोगाने दिलेले. कनेक्टिकटमधील ज्या लाइम गावावरून या व्याधीला नाव पडले, ते आमच्या मुक्कामापासून फार दूर नाही. तेथील मुलांच्या सुजलेल्या सांध्यांची तक्रार पॉली मरी या मातेने 1975 साली आरोग्यखात्याच्या दप्तरी नेली नसती, तर आम्हा रुग्णांचे दुखणे कित्येक वर्षे निनावीच राहिले असते. पुढे 1981 साली संशोधक विली बर्गडॉर्फर यांना हा रोग पसरवणाऱ्या गोचिडीच्या आतड्यात त्याचा मळसूत्री जंतू दिसला.

डॉक्सिसायक्लिनचा नेमलेला क्रम पुरा झाला, जंतूंचा अंमल उठला, असे डॉक्टर म्हणतात, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तथापि वेदनेची वसुली अद्याप तहकूब झालेली नाही. पेटका आला की मी गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटे सावकाश नडगीकडे ओढतो, श्वास दीर्घ करतो, आणि गाठ सैल पडू लागल्यावरच ऊन पाण्यात पिळलेल्या टॉवेलाचा शेक घेतो. संध्याकाळी एप्सम मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसल्यानेही उतार पडतो. गुण मिठाचा की उष्णतेचा, हा निवाडा मी मागत नाही.

घरामागील ओकच्या रानात, विजारीवर मोजे ओढून का होईना, पुन्हा हिंडावे असे फार वाटते. पत्नीजवळ ही गोष्ट अजून काढलेली नाही.