परवडणे

मोटारीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे बसवले की तिचा स्वभावच पालटतो. सर्वांत जड भार दोन आसांच्या दरम्यान येतो, वळणावर गाडीचे नाक हलके होते, पुढचा भाग बुटका आणि निमुळता ठेवता येतो. शर्यतीच्या गाड्यांनी रूढ केलेली ही रचना ब्रिटनमधल्या हौशी माणसांनी आपल्या घराशेजारच्या गॅरेजात आणली. तिथे 'किट कार'ची परंपरा जुनी आहे. सुट्या भागांच्या रूपात विकत घेऊन स्वतः जुळवलेल्या मोटारीला तयार मोटारीवरचा खरेदीकर लागत नसे. १९७३ च्या एप्रिलमध्ये मूल्यवर्धित कर आला, ती सवलत गेली. हौस मात्र गेली नाही. १९९८ पासून अशा एकेका गाडीची स्वतंत्र सरकारी तपासणी होऊ लागली आणि २००९ मध्ये त्या तपासणीची जागा नव्या पद्धतीने घेतली. तरीही शनिवार-रविवारी हात काळे करणारा माणूस तिथे टिकून राहिला.

हा माणूस बहुधा इंजिनापासून स्वप्नाला आरंभ करतो. इंजिनाला नाव असते, आवाज असतो, कीर्ती असते. ट्रान्सॲक्सलला यातले काही नसते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच ॲल्युमिनियमच्या कवचात घेऊन तो मागच्या चाकांमध्ये निमूट बसतो. पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना शक्ती अशा मोटारीत ही दोन अंगे सहसा वेगळी असतात आणि त्यांना जोडणारा लांब दांडा गाडीच्या तळाखालून जातो. मध्य-इंजिनाच्या गाडीत त्या दांड्याला जागाच उरत नाही; म्हणून ट्रान्सॲक्सल हवाच. आणि नेमकी हीच वस्तू बाजारात स्वस्त मिळत नाही. इंजिने भंगारात ढिगांनी पडलेली असतात; तगडा ट्रान्सॲक्सल मात्र शोधावा लागतो.

मराठीत 'परवडणे' या क्रियापदाला दोन अंगे आहेत. एक खिशाचे : वस्तू घेता येणे. दुसरे सोसण्याचे : त्याच्या बोलण्यापेक्षा त्याचा अबोला परवडला, असे आपण म्हणतो. गाडी घडवणाऱ्याला हे दुसरे अंग उशिरा कळते. घेताना परवडलेली वस्तू वापरताना परवडेलच, असे नाही.

श्रीमंतांनाही हा धडा चुकला नव्हता. १९६४ मध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्डच्या तीन जीटी-४० उतरल्या. एक आगीने बाद झाली आणि उरलेल्या दोन्ही गिअरबॉक्स निकामी होऊन थांबल्या. पुढे याच गाडीसाठी जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा ट्रान्सॲक्सल आला, आणि १९६८ व १९६९ चे विजय त्याच्या साथीने मिळाले. आज जीटी-४० ची प्रतिकृती बांधणाऱ्याचे पहिले मागणे हाच झेडएफ असतो. त्याची किंमत ऐकली की दुसरे मागणे सुरू होते.

दुसरे मागणे म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतला, दुसऱ्याच कामासाठी घडलेला ट्रान्सॲक्सल. अशा उसनवारीलाही मोठी कुळपरंपरा आहे. १९५९ मध्ये जॅक ब्रॅबम ज्या कूपर गाडीतून जगज्जेता झाला, तिच्या गिअरबॉक्सचे मूळ १९३४ च्या सित्रोएन 'ट्रॅक्शन आवाँ' या कुटुंबवत्सल मोटारीत होते. १९६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये माइक ह्यूलंड यांनी फोक्सवागन बीटलचे कवच घेऊन शर्यतीच्या छोट्या गाड्यांसाठी गिअरबॉक्स तयार केले. २००३ पर्यंत बीटल दोन कोटींहून अधिक निघाल्या. स्वस्ताईचे मूळ या विपुलतेत असते.

पण उसन्या वस्तूची दिशा आधी पाहावी लागते. बीटलमध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते. ते जसेच्या तसे अर्धवर्तुळात फिरवून आसाच्या पुढे आणले, तर चाके उलटी फिरतात. पुढे जायचे चार गिअर आणि मागे जायचा एक, याऐवजी मागे जायचे चार आणि पुढे जायचा एक! यावर दोन उपाय आहेत. संपूर्ण पेटी उताणी घालायची. मग तेलाची पातळी, हवा सुटण्याचे छिद्र आणि गिअरची जोडणी यांचा नव्याने विचार करायचा. किंवा कवच उघडून क्राउन व्हील पिनियनच्या दुसऱ्या बाजूस न्यायचे. १९६६ च्या लोटस युरोपात रेनो १६ चे इंजिन आणि गिअरबॉक्स फिरवून बसवले, तेव्हा कारखान्याने हा दुसरा मार्ग पत्करला. मात्र प्रत्येक कवचात तेवढी मोकळी जागा नसते. शिवाय पिनियनचा अक्ष क्राउन व्हीलच्या मध्यरेषेपासून ढळलेला असेल, म्हणजे दाते हायपॉइड जातीचे असतील, तर ही अदलाबदल तशी जमतच नाही.

ज्या मोटारींत इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे असतो, त्यांचा ट्रान्सॲक्सल फिरवावा लागत नाही; तो सरळ मागे सरकवता येतो. ऑडी १००, रेनो २५ आणि सुबारूच्या अनेक गाड्या या गोत्रातल्या. सुबारूच्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या पेटीत मागे जाणारी वाट बंद करावी लागते. रेनो २५ मधली पेटी अनेक घरगुती जीटी-४० प्रतिकृतींत गेली. तिची भावंडे डिलोरियनमध्ये होती आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस लोटस एस्प्रीतही आली. तरी इंजिन व पेटी यांच्यामधली जोडपट्टी, क्लच आणि दोन्ही बाजूंचे दांडे ज्याचे त्यालाच जुळवावे लागतात. स्वस्त पेटीभोवतीचा खर्च स्वस्त नसतो.

सर्वांत कमी खर्चाची वाट तिसरी. आडवे इंजिन असलेल्या पुढच्या चाकांच्या मोटारीतून इंजिन, क्लच, गिअरबॉक्स सगळेच एकत्र उचलायचे आणि मागे ठेवायचे. १९६९ च्या फियाट १२८ मधला संच घेऊन १९७२ ची फियाट एक्स-१/९ याच पद्धतीने झाली. दिशेचा प्रश्न नाही, जोडपट्टी नाही. पण इंजिनही तेच घ्यावे लागते. गर्जना करणाऱ्या आठ सिलिंडरांचे स्वप्न भंगारवाल्याच्या अंगणात सोडून यावे लागते.

हे सोडणे सोपे नसते, म्हणून माणूस हिशेब टाळतो. छोट्या मोटारीची पेटी ४.७ लिटरच्या अमेरिकन व्ही-८ ला जोडली, तर पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि शेवटचे ४, म्हणजे एकूण १४ धरू. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असताना १.९५ मीटर परिघाचे चाक गाडीला ताशी ४२ किलोमीटरपर्यंतच नेते. पहिला गिअर घातला न घातला तोच संपतो. आणि त्या अवधीत इंजिनाच्या पिळाचा चौदापट भार लहान दात्यांवर पडतो. १२०० सीसीच्या, ३४ अश्वशक्तीच्या बीटलसाठी घडलेले दाते या भाराला मुळात जन्मलेच नव्हते. गाडी हलकी असेल, टायर अरुंद असतील, तर चाके घसरून दाते वाचतात. रुंद टायर घातले की पकड वाढते आणि तीच पकड पेटीच्या मुळावर येते. रुंद टायर तर सगळ्यांनाच हवे असतात.

म्हणून जाणता माणूस क्रम उलटा करतो. आधी पेटी शोधतो. ती काय पेलेल, तिचे सुटे भाग आणखी दहा वर्षे मिळतील का, तिची चाल कोणत्या दिशेची, हे पाहतो. मग तिला शोभेल असे इंजिन घेतो. ज्यांनी उलट केले, त्यांच्यातल्या अनेकांच्या गाड्या ताडपत्रीखाली राहिल्या. फायबरग्लासचे सुंदर अंग, चमकते इंजिन, आणि दोहोंमध्ये एक रिकामी जागा, जिच्यासाठी पैसे साठवता साठवता मुले मोठी होऊन घराबाहेर पडली. अशा गाडीची जाहिरात शेवटी 'अपूर्ण' या शब्दाने होते आणि तिची किंमत त्यात घातलेल्या भागांच्या किमतीहूनही कमी येते. वर्षांचा हिशेब कोणी मांडत नाही.

पूर्ण झालेल्या गाडीचा मालक गर्दीत ओळखू येतो. सिग्नल सुटल्यावर तो क्लच झटक्याने सोडत नाही. पहिल्या गिअरमध्ये पाय हलका ठेवतो, दुसऱ्यात गेल्यावर मोकळा होतो. बघणाऱ्यांना तो भित्रा वाटतो. पाठीमागे बसलेल्या त्या निमूट पेटीला काय परवडते, हे फक्त त्यालाच ठाऊक असते.