आयातदार तुम्हीच

परदेशी संकेतस्थळावर वस्तू निवडून पैसे भरले की ग्राहक आयातदार होतो. हे त्याला कोणी सांगत नाही. पार्सल मुंबईत उतरते, कुरिअर कंपनीचा संदेश येतो, आधार आणि बिलाची प्रत मागितली जाते, आणि मग ड्युटीचा आकडा समोर येतो. कस्टम्स ब्रोकर म्हणून मी सहारचे कुरिअर टर्मिनल आणि बॅलार्ड इस्टेटमधले फॉरेन पोस्ट या दोन्ही ठिकाणी अनेक वर्षे काम करत आलो आहे. घरगुती खरेदीदाराचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: “पैसे तर आधीच भरलेत, आता हे कसले?” मी त्यांना सांगतो, तुम्ही विक्रेत्याचे पैसे चुकते केलेत, सरकारचे देणे राहिले आहे आणि ते तुमच्या नावावर आहे. सीमाशुल्क कायदा १९६२ चा. जहाजभर माल आणणाऱ्या कारखानदाराला तो लागू होतो, तसाच बुटांचा एक जोड मागवणाऱ्या कॉलेजच्या मुलालाही.

हिशेब कसा होतो, ते आधी सांगतो, कारण रागाचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. समजा, वस्तूची किंमत १०,००० रुपये आहे. ड्युटी नुसत्या किमतीवर लागत नाही. तिच्यात भाडे आणि विमा मिळवतात. भाड्याचा आकडा उपलब्ध नसेल तर किमतीच्या २० टक्के धरतात, विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के. म्हणजे २,००० आणि ११२ रुपये ५० पैसे. करपात्र मूल्य झाले १२,११२.५०. आता सोयीसाठी मूळ सीमाशुल्क २० टक्के धरू: २,४२२.५०. या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, २४२.२५. या सगळ्याची बेरीज करून तिच्यावर आयजीएसटी. तो १८ टक्के धरला तर साधारण २,६६० रुपये. एकूण भरणा ५,३२५ च्या घरात जातो. ग्राहकाने मनात वीस अधिक अठरा, म्हणजे अडतीस टक्के धरलेले असतात. प्रत्यक्षात मूळ किमतीच्या त्रेपन्न टक्के भरावे लागतात. यात कोणी लुबाडलेले नसते. करावर कर चढत जातो, एवढेच.

याच हिशेबात ग्राहकाच्या बाजूचा एक नियम आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. माल विमानाने आला असेल तर मूल्यात धरायचे भाडे किमतीच्या २० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. वरच्या उदाहरणात तुम्ही कुरिअरला ३,५०० रुपये दिले असले, तरी हिशेबात २,००० च धरले पाहिजेत. हलक्या किमतीच्या पण वजनदार वस्तूंना, म्हणजे यंत्राचे सुटे भाग किंवा जाडजूड ग्रंथ यांना, याने मोठा फरक पडतो. म्हणून मी प्रत्येकाला बिल ऑफ एंट्रीची प्रत मागायला सांगतो. त्यावर मूल्य, मालाचे वर्गीकरण, दर आणि विनिमय दर असे सगळे असते. कुरिअरच्या पावतीत ड्युटीखाली त्यांचे स्वतःचे सेवाशुल्क आणि त्यावरचा जीएसटीही असतो. ते सरकारकडे गेलेले सीमाशुल्क नव्हे, हेही ती प्रत शेजारी ठेवली की लगेच दिसते.

वर्गीकरण चुकले तर सगळाच आकडा चुकतो. छापील पुस्तकांवर जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के मूळ शुल्क लागले. मला ते तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. पण पुस्तकांवर जीएसटी नाही. तेव्हा पुस्तकांच्या खोक्यावर ‘स्टेशनरी’ असे मोघम वर्णन लिहून आले, तर वाचकाला विनाकारण भुर्दंड बसतो. मागवतानाच विक्रेत्याला नेमके वर्णन लिहायला सांगावे.

काही वस्तूंच्या बाबतीत कर भरायची तयारी असूनही उपयोग नसतो. ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, ई-सिगारेटवर २०१९ पासून.

आता भेटवस्तू. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची खरीखुरी भेट टपालाने किंवा कुरिअरने करमुक्त येत असे. परदेशी ॲपवाल्यांनी या सवलतीचा बाजार मांडला. विकलेल्या मालाची लहान लहान पाकिटे करून प्रत्येकावर ‘भेट’ लिहिले. डिसेंबर २०१९ मध्ये भेट म्हणून माल सोडवून घेण्याची वाटच बंद झाली. अपवाद दोनच राहिले: जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबतची भेट मात्र त्या अपवादात नाही. बहिणीने न्यू जर्सीहून पाठवलेला धागा येतो, त्याच पाकिटातल्या चॉकलेटांना ड्युटी लागते. भाऊबीजेला भावाने पाठवलेल्या अत्तरालाही लागते. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार प्रत्येक विक्रीवर जीएसटी भरतो, आणि त्याच्या गिऱ्हाइकाला तीच वस्तू बाहेरून बिनकराची मिळावी, हे अन्यायाचेच होते. म्हणून ही वाट बंद केली ते मला योग्य वाटते. पण आपल्याकडे आता सरसकट सूट उरली आहे ती एवढीच, की शुल्क १०० रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर ते वसूल करत नाहीत. ही मर्यादा फार तोकडी आहे. एवढ्यातेवढ्या शुल्कासाठी तपासनीसाने पाकीट उघडायचे, आकारणी करायची आणि पोस्टमनने दारात पैसे मागायचे, यात सरकारचाही वेळ जातो.

विक्रेता कधी आपणहून सुचवतो, “मी बिलावर वीस डॉलर लिहितो, तुमची ड्युटी वाचेल.” हे कधीही स्वीकारू नका. मूल्यांकन नियमांतल्या १२ व्या नियमानुसार अधिकारी जाहीर किंमत नाकारू शकतो, आणि खरी किंमत त्याच संकेतस्थळावर त्याला दिसते. मग माल जप्तीस पात्र ठरतो, सोडवायला दंड भरावा लागतो, शिवाय वेगळी शास्तीही होऊ शकते. हे सारे आयातदारावर येते. विक्रेता परदेशात सुरक्षित असतो. शिवाय पार्सल हरवले तर भरपाईही त्या वीस डॉलरांच्या हिशेबानेच पदरात पडण्याचा धोका असतो.

दुसऱ्या बाजूने हाच अनुभव गेल्या वर्षी आपल्या घरांनी घेतला. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचे पार्सल बिनशुल्क जात असे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला सगळ्या देशांसाठी संपली. कर कोणी आणि कसा गोळा करायचा हे स्पष्ट नसल्याने आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ ला होते. पुण्या-नाशिकहून जाणाऱ्या चकल्या-अनारशांच्या डब्यांना टपालाने वेळेत पोहोचण्याची संधीच उरली नाही. आता शुल्क इथेच, पार्सल देताना भरायचे, अशी सोय झाली आहे. पाठवणाऱ्याने भरावे आणि घेणाऱ्याला दारात धक्का बसू नये, ही पद्धत मला चांगली वाटते. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून दीडशे युरोपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेण्याची व्यवस्था केली. परदेशी संकेतस्थळांनी भारतीय ग्राहकाचा कर खरेदीच्या पानावरच दाखवावा आणि घ्यावा, अशी व्यवस्था आपल्याकडेही सर्वत्र व्हायला हवी.

आकारणी चुकीची वाटली तर काय करायचे? आधी लेखी विचारणा करा, बिल आणि बँकेच्या नोंदी जोडा. आदेश हाती आल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येते. आकडा वस्तूच्या मोलाहून जड असेल तर माल सोडवण्याचा आदेश होण्याआधी त्यावरचा हक्क लेखी सोडता येतो आणि मग ड्युटी भरावी लागत नाही. गुन्ह्याचा संशय असेल तर मात्र ही मुभा नाही. वस्तू सदोष निघाली आणि परत पाठवली तर भरलेले शुल्क परत मिळण्याची तरतूद आहे, पण तिच्या अटी कडक आहेत: वस्तू न वापरलेली हवी, आलेली तीच वस्तू परत गेली हे कागदांवर सिद्ध व्हायला हवे आणि मुदत पाळायला हवी. परतीचे पार्सल साध्या कुरिअरने पाठवून मोकळे झालेल्या माणसाला मी पुढे काहीच मदत करू शकत नाही. म्हणून सदोष वस्तू परत पाठवण्याआधी ब्रोकरला फोन करा, पाठवल्यानंतर नको.